जांभळ्या ठिपक्यांचा देठ

—बसत नाही गं मी, तू भर तुझी बॅग. दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. आणि मी म्हणते, बरोबर करते आहेस. माहेरी जा, आईजवळ चार दिवस नीट झोप. कुणी राहावं असल्या बाटलीबहाद्दराबरोबर! नवरा आहे की जिन्यातला झोपाळा? परवा मी आमच्या दाराच्या भोकातून— म्हणजे दूधवाला आला का बघत होते— तर हा कठडा धरून वर येतोय, एक पायरी वर, अर्धी खाली, तोंड लालेलाल, आणि मला म्हणतो कसा, "काकू, प्यायलो नाही हो, गरगरतंय." गरगरतंय म्हणे! मी मुद्दाम जवळून गेले. वास? वास नाही आला, पण म्हणून काय झालं— बडीशेप चघळतात हे लोक, पोचलेले असतात. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, किती शांत माणूस! मी म्हटलं, शांतच राहणार, तोंड उघडलं तर वास नाही का येणार? खाली वाण्यालाही सांगून ठेवलंय. आणि तुलाही आधी मीच सांगितलं— तू आपली म्हणत होतीस, दमत असेल. दमतो म्हणे. भोळीच गं तू.

आणि हे काय, टेबलावर? ही झाकलेली वाटी? त्याच्यासाठी? अगं, सोडून चाललीस आणि जाता जाता त्याचा पाला चिरून ठेवलास? धन्य आहेस! डॉक्टर म्हणाले कच्चं खा, म्हणून रोज डब्यात पाला, आणि स्वतः मात्र तोंड लावायचं नाही, हिरवं बघून बाईसाहेबांना मळमळतं. कुठला आणलास? मागच्या रानातला? हो, तोच ना, गाजरासारखं पान, पांढऱ्या फुलांची छत्री— मीच तर दाखवला होता तुला, थंडी सरल्यावर... पण तो आता कुठून मिळाला? तो कधीच फुलून संपला. बघू ती जुडी. इकडे आण, खिडकीशी.

हे काय आहे? देठावर. जांभळे ठिपके. हात लाव— खरखरतंय ना? केस आहेत बारीक. सांध्याखाली फुगलाय बघ, आणि या कळ्या, माना खाली टाकलेल्या. डोळे आहेत की बटणं गं तुझे? मी दाखवला त्याचा देठ हिरवागार, एक ठिपका नाही! तो संपला की झाडांच्या सावलीत त्याच जागी हा उठतो, तेच पान, तीच छत्री. विषारी आहे हा! आमच्या गावी गाय हा खाऊन आली की चारी पाय फाकून झुलायची, अगदी प्यायल्या—

प्यायल्यासारखी.

माझ्याकडे काय बघतेस? महिना झाला ना हे सुरू होऊन? रविवारी बरा असतो, तूच म्हणालीस. रविवारी डबा नसतो, अगं मूर्ख मुली! रविवारी दारू नाही पीत म्हणून मी किती हसले होते, आणि— राहू दे. आत झोपलाय ना तो? आज काही खाल्लंय त्यानं? नाही ना? नक्की? काल ओकला तेव्हा पुसूही नकोस म्हणून मीच तुला... राहू दे म्हटलं ना! वाटी फेकू नकोस, देठासकट पिशवीत घाल, डॉक्टरला दाखवायला लागेल. हात धू, साबणानं. मी गाडी बोलावते.

"काय म्हणू त्याला, काय म्हणू त्याला" काय करतेस— काही म्हणू नकोस. नुसती दंडाला धर. जिन्यात झुलेल तो, लोक बघतील, त्यांचं मी बघते, पहिला तो वाणी. बॅग कशाला उचलतेस? ठेव ती. जा, उठव त्याला. मी दार लावून घेते माझं. आज भोकाला कुणी डोळा लावणार नाही— जा.