गार म्हणून सांगितलेलं इंजिन

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील दरबारचे मानकरी, विमानशाळेतील सहकारी, जमलेले पावणे आणि आजचे सत्कारमूर्ती जोतीरामराव,

मुंबईच्या मोठ्या कंपनीत वैमानिक म्हणून निघालेल्या मित्राला निरोप देण्याचा मान मला, या लालासाबला, मिळाला. दोस्ती जुनी, म्हणून मिळाला असावा.

उन्हाळ्यातलं उड्डाण आम्ही दोघे एकाच गुरूंपाशी शिकलो. आपल्या लहान विमानाचं इंजिन वाऱ्यावरच गार होतं. नाक फार वर करून चढलं की वेग पडतो, वारा कमी लागतो आणि ते तापतं. म्हणून उन्हात सावकाश चढावं. एकदा बेताबाहेर तापलंच, तर तपासल्याशिवाय पुन्हा उडवू नये. हे जोतीरामरावांना माझ्याहून चांगलं येत होतं. मग सांगा, चूक झाली कुठं?

गेल्या वैशाखात माझे थोरले भाऊ इमाम, म्हणजे आमचे भाई, पहिल्यांदाच विमानात बसणार होते. दिवस कलताना उजळाईवाडीच्या माळावर मी जोतीरामरावांना विचारलं, दुपारी कोणी उडवलं का? ते म्हणाले, "न्हाय. सकाळपासनं जाग्यावरच हाय. इंजिन गार हाय, खुशाल ने."

इंजिनावरच्या पत्र्याला हात लावला तर कोमट लागला. उन्हाचा असेल म्हटलं. दोस्ताच्या शब्दावर शंका कोण घेतो?

कळंब्याच्या तळ्यावर पोचलो आणि तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली पडला. इंजिन खडखडून थांबलं. नांगरटीत विमान उतरवलं, पण चाक ढेकळात रुतून ते उलटलं. मी वाचलो. भाईंचा उजवा पाय गुडघ्यातून गेला.

चौकशीत जोतीरामरावांनी सांगितलं, लालासाबनं हौसेनं उभं चढवलं असेल. माझा परवाना गेला. तरी हेच गृहस्थ दवाखान्यात भाईंना स्वतःच्या हातानं पेज पाजायचे. मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

गेल्या महिन्यात कबनूरचे आकारामशेठ एका लग्नात भेटले. मोठ्या कौतुकानं सांगू लागले, "तुमचं विमान पडलं, त्याच दिवशी दुपारी आमी जोतीरामरावांबरोबर वर गेलतो की. काय उभं चढीवलं! जळक्या तेलाचा वास सुटला, तवा म्हणालं, खाली कुणाला बोलू नगा."

जोतीरामराव, खाली बघू नका. इंजिन तापलं एवढंच सांगितलं असतंत, तर तुम्हाला चार शब्द ऐकावे लागले असते. तेवढ्यासाठी?

मंडळी, भाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. आज निघताना त्यांनीच हा हार दिला; म्हणाले, "जोतीरामला माझ्या नावानं घाल. माझी लई सेवा केली त्यानं."

हा हार मी टेबलावर ठेवतो. गाडीला अजून अवकाश आहे, आमचं घरही वाटेवरच आहे. जोतीरामराव, आधी भाईंना सगळं सांगा. त्यानंतरही त्यांनी घालायला सांगितला, तर मी स्वतः स्टेशनवर येऊन घालीन.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत, सभेनं ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. सत्काराच्या जागी अवघड बोललो, ते पदरात घ्यावं.