मागच्या आजी

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर बेटाकडे जाणाऱ्या बोटीसाठी रांग लागली होती. आर्लीनबाई एकट्याच आल्या होत्या. त्यांच्यापुढे एक बाप उभा होता आणि पांढरी काठी धरलेली त्याची सहा वर्षांची लेक.

“विनी, डावीकडे लाल होडी आहे. तिच्यावर लॉबस्टर पकडायचे पिंजरे रचलेत, आणि वर...”

“डॅडी, सकाळपासून बोलतोयस. घसा बसला तुझा.”

“मी नाही सांगितलं तर तुला सुट्टीतलं काय कळणार, राणी?”

“आता मी सांगते. तू डोळे मीट.”

“मिटले.”

“खोटं!”

“बरं बाई, आता खरंच मिटले.”

“पुढे कुणीतरी तळलेले शिंपले खातंय. बोटीचा दोर कुरकुरतोय. आणि आपल्या मागे एक आजी आहेत.”

“आजी कशावरून?”

“पाऊल उचललं की ‘देवा रे’ म्हणतात. पेपरमिंट चघळतात. पण कुणाशीच बोलत नाहीत. डॅडी, त्यांच्याबरोबर कुणीच नाहीये.”

“विनी, हळू बोल!”

“विचार ना, आपल्याजवळ बसतात का.”

बाप ओशाळून मागे वळला. त्याने तोंड उघडायच्या आत आर्लीनबाई म्हणाल्या, “बसते की. पण चढताना मला हाताचा आधार लागेल हं.”

विनीने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मागे केला.