चिठ्ठी नसलेलं वाक्य

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, कोश कार्यालयातील सहकारी, छापखान्यातील मंडळी, आणि आज तरी हातात लाल पेन नसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती बाई,

मला दहा मिनिटं दिली आहेत. वीस वर्षं बाईंनी माझं लिखाण कापलंय, त्यामुळे यातली चार मी आधीच सोडून दिलीत.

कार्यालयात यांना 'टाचणीबाई' म्हणतात. हे त्यांना ठाऊक नाही, असा आमचा समज आहे. पद्धत साधी. कोशात जाणाऱ्या प्रत्येक वाक्याला पुराव्याची चिठ्ठी टाचलेली हवी. चिठ्ठी नसेल तर वाक्य बाद, मग ते कितीही देखणं असो. नवा माणूस पहिला आठवडाभर नुसती बोटं टोचून घेतो.

अठरा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या सात गावांची नोंद माझ्याकडे आली. माझ्या जन्माआधी, एका जमातीची म्हणून तिथली माणसं सरकारी हुकमानं आठवडाभरात ठार केली गेली, त्याची. मी काय लिहिलं? दहा ओळी 'कत्तल झाली' म्हणणाऱ्यांना आणि दहा 'लोक आपणहून निघून गेले' म्हणणाऱ्यांना. वर स्वतःच्या निष्पक्षपणावर खूश होऊन चहा प्यायलो.

बाईंनी कागद उचलला. वरच्या दहा ओळी चिठ्ठ्यांनी जड झालेल्या, खालच्या दहांना एकही नाही. म्हणाल्या, "अहो, ही नोंद आहे की भावाभावांतली वाटणी? निम्मं-निम्मं कसलं करताय?"

म्हणून बाई कुणा एका बाजूच्या होत्या, असं समजू नका. त्या गावांतून वाचलेले तिथले गुरुजी आज पहिल्या रांगेत बसलेत, नव्वदीला टेकलेत. त्यांनी मृतांचा आकडा सांगितला. बाईंकडे पुरावा त्याहून कमी जणांचा होता. त्यांनी कमी लिहिला. गुरुजी भडकले. "माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही तुमचा?"

"आहे, गुरुजी. पण एक नाव जास्त लिहिलं, तर त्या एकासाठी नाकारणारे बाकीची सगळी खोटी ठरवतील."

गुरुजी तणतणत गेले आणि पंधरा दिवसांनी शाळेचे हजेरीपट घेऊन आले. आकडा वाढला. दोघांचेही डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

का, ते आज सांगतो. त्याच आठवड्यात बाईंनी मला दप्तरखान्यात पाठवलं होतं. तिथं मारायच्या घरांच्या याद्या मिळाल्या. घर कुठलं, माणसं किती, पोरं किती. अक्षर सुबक. त्याच अक्षरात माझ्या लहानपणच्या पहिल्या पुस्तकावर माझं नाव लिहिलेलं आहे. ते लिहिलं माझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी; ते सरकारी कारकून होते. "लोक निघून गेले रे," हे मी त्यांच्याच मांडीवर बसून ऐकलं होतं. माझ्या दहा ओळी तिथून आल्या होत्या.

याद्या मी बाईंपुढे ठेवल्या, अक्षराचं बोललो नाही. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "लिहिणाऱ्याचं नाव कळेल तेव्हा घालू." नुसत्या अंदाजावर त्या कुणाचंही नाव घालत नाहीत, माझ्या आजोबांचंही घातलं नाही. या बाईंइतकं न्यायी माणूस मी पाहिलेलं नाही, आणि त्यांच्याइतकं मला कुणी लाजवलंही नाही.

अध्यक्ष महोदय, उद्यापासून बाईंची संपादकाची खुर्ची आपण मला देत आहात, त्याबद्दल ऋणी आहे. नव्या आवृत्तीत या नोंदीला 'वादग्रस्त' शब्द जोडा, असं आपण परवा सुचवलंत. त्या शब्दाला चिठ्ठी मिळाली नाही. नोंद सकाळीच छपाईला गेली. एक वाक्य मात्र वाढलंय, याद्या कोणी लिहिल्या त्याचं. त्याच्या चिठ्ठीसोबत माझं ते पुस्तक जोडलंय आणि खाली सही आहे माझी, नातू म्हणून. काल आईला वाचून दाखवलं. तिनं माझं ताट वाढलं आणि ती आत निघून गेली.

आयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर पोटात घाला. गुरुजी, तुम्हाला मात्र 'पोटात घाला' म्हणायची माझी छाती होत नाही. तुम्ही म्हणाल तोवर मी इथंच उभा आहे.