बिंदुसरा क्लबचा जुना मॅनेजर, नवा मॅनेजर आणि एक अर्जी

आजच्या बैठकीचे अध्यक्ष वकीलसाहेब बद्रीनाथराव. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या क्लबचे मॅनेजर व कचेरीतले पेशकार सुंदररावसाहेब. वर बसा म्हणून तीनदा सांगूनही दाराशीच घोंगडी टाकून बसलेले गहिनीनाथमामा. चिकेच्या पडद्यापलीकडे बसलेल्या माताभगिनी. आणि बिंदुसरा फुटबॉल क्लबच्या हारजितीत, म्हणजे हारीत, कायम सोबत राहिलेली बीडकर मंडळी,

मला पाच मिनिटे दिली आहेत. वकीलसाहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवले आहे, ते मी पाहिले.

मी बंकट. क्लबचा लेफ्ट बॅक. औरंगाबादेहून कॉलेज अर्ध्यावर टाकून मी परत आलो, ते फुटबॉलसाठी आलो असे गावात म्हणतात. म्हणू द्यावे.

साहेबांची बदली पाटोद्यास झाली. परवा गाडी जुंपायची. चौदा वर्षे ज्या माणसाने कचेरीत हुजुरांपुढे कागद पेश केले, त्याने दर जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीत कचेरी बंद असताना, नदीकाठच्या मैदानावर खुर्ची टाकून आपला क्लब चालवला. त्यांनी आपल्याला काय दिले? शिस्त दिली. गेल्या दोन वर्षांत आपण सतरा सामने हरलो. पण एका तरी पराभवाचा कागद गहाळ आहे का? सतराच्या सतरा, तारीखवार, लाल फीत बांधून ठेवले आहेत. केजवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे जिंकल्याचासुद्धा कागद नाही.

साहेबांचा नियम सर्वांना ठाऊक आहे. खेळाडूला मैदानात जागा बदलायची असेल, तर दरख्वास्त द्यायची. यात वशिला नाही, आरडाओरडा नाही. केजच्या सामन्यात तीन गोल चढल्यावर मी खुर्चीपाशी धावत गेलो आणि म्हणालो, मला सेंटर फॉरवर्ड करा. साहेब शांतपणे म्हणाले, "लिहून दे." मी पेन्सिलीने लिहिले. "पेन्सिल चालत नाही. दौत घे." शाईने लिहिले. "कारण लिहिलं नाहीस." कारण लिहिले. "वडिलांचं नाव?" साहेब माझ्या वडिलांबरोबर शाळेत होते. तरी मी नाव लिहिले. तेवढ्यात केजने चौथा गोल केला, तो मी जिथे नव्हतो तिथून. शिट्टी वाजून सामना संपला, लोक घरी निघाले, आणि मला हुकूम मिळाला : "मंजूर. सामना संपला असल्यास पुढील सामन्यास लागू."

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्या दिवशी फाडणार होतो.

मंडळी, आपला राग नंतर कुठे गेला, हे आपण जाणता. क्लबच्या शौकिनांची एक अर्जी वर गेली. अठरा सह्या, तेवीस अंगठे. मागणी एकच, मॅनेजर बदलावा. महिन्याने वरून उत्तर आले. मॅनेजराविषयी त्यात अक्षर नव्हते. पेशकार सुंदरराव यांची पाटोद्यास बदली, एवढेच होते. ज्यांनी अंगठे दिले होते, ते आठ दिवस कचेरीच्या रस्त्याने फिरकले नाहीत.

आता नव्या मॅनेजराविषयी. माझ्या विषयात ते नाही, पण सगळा बाजार तेच बोलतो आहे, तर मी एकट्यानेच का गप्प बसावे? वकीलसाहेबांनी गहिनीनाथमामांचे नाव सुचवले आणि रविवारच्या बाजारात आपल्या शौकिनांनी काय काय म्हटले, ते मी कानांनी ऐकले आहे. तंबाखूच्या दुकानावर एकजण म्हणाला, "धनगर कावून? मग एखादा मेंढाच ठेवा बे, टकरीनं तरी गोल करंल!" दुसरा म्हणाला, "बॉल फाटला तर आता त्यात लोकर भरणार हायेत." तिसऱ्याने विचारले, "सामना सुरू असताना मेंढरं कुठं चारायची?" त्याला चौथ्याने सांगितले, "आपल्या गोलात चार. तिकडं गवत लई हाय, आपला गोलकी सोडला तर कुनी उभंच राहत न्हाई."

मीही हसलो. खोटे कशाला सांगू? मी तर म्हणालो होतो, मामा आले तर मी क्लब सोडतो.

मग मागच्या जुम्म्याला मामा सरावाला आले. आठ वर्षे ते त्याच मैदानाच्या कडेला मेंढरे चारतात, आपला एकही पराभव त्यांनी चुकवलेला नाही. त्यांनी विचारले, "आपला गोल कोन्ता, तेवढं सांगा." पोरे हसली. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमी अकरा जन एका बॉलमागं पळता. लांडगा आल्यावर मेंढरं असंच करत्यात. लांडगा कुठं हाय?" आणि मग काठीने वाळूत अकरा खुणा केल्या, लांब लांब, आणि प्रत्येकाला आपापल्या खुणेवर उभे केले. मला म्हणाले, "तू लई तापट हायेस. तुला कडंला ठिवतो. तिथं चरत राहा, बॉल येईल." बॉल आला. मंडळी, दोन वर्षांत पहिल्यांदा बॉल माझ्याकडे चालत आला. तेव्हा नव्या मॅनेजराविषयी माझे मत बदलले आहे, ते नोंदवून घ्यावे.

घड्याळाकडे वकीलसाहेबांचा हात गेला. एकच गोष्ट राहिली.

आपला गोलकीपर रामकिसन आज वर बसलेला नाही. तो तिथे, खांबाच्या मागे आहे. त्याला कोणी बोलावले नाही. केजच्या सामन्यानंतर तो मोठ्याने ओरडला होता, "हा मॅनेजर बदला!" सगळ्यांनी ऐकले. म्हणून अर्जी त्याचीच, असे ठरले. साहेबांनी महिनाभर त्याचा रामराम घेतला नाही. आणि बदलीचा हुकूम आला त्या दिवशी साहेबांनी मला घरी चहाला बोलावले.

साहेबांच्या घरी मी खेळाच्या नियमांचे पुस्तक वाचायला जात असे. आठवड्यातून चार वेळा. पुस्तक बारा पानांचे आहे. हसू नका मंडळी, काही नियम अवघड आहेत.

त्या दिवशी साहेब म्हणाले, "बंकट, सगळे फिरले. तू एकटा आपला निघालास." मी चहा प्यालो. साहेब पान आणायला आत गेले, तेव्हा दाराआडून साहेबांच्या कन्येने मला विचारले, "अर्जीवर पहिली सही कुनाची हाय?" मी म्हणालो, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, "बॉलला लाथ मारताना तुमी डोळे मिटता. आत्ता पन मिटले."

साहेब, अर्जी माझी आहे.

रामकिसनने त्यावर अंगठासुद्धा दिलेला नाही. तो म्हणाला होता, "तोंडावर बोललो की झालं, कागद कशाला?" केजच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कचेरीबाहेरच्या अर्जीनवीसाकडे गेलो. त्याने विचारले, कुणाविरुद्ध? मी नाव सांगितले. तो म्हणाला, हुद्दा सांगा, हुद्द्याशिवाय अर्जी घेत नाहीत. मी रागात होतो. फुटबॉलचा मॅनेजर म्हणायचे, ते मी पेशकार म्हणालो. त्याने झोकदार उर्दूत दोन ओळी हुद्दाच लिहिला. फुटबॉल तिसऱ्या ओळीत आला. तिथपर्यंत वर कोणी वाचले नसावे. बाकीच्या चाळीस जणांना मी सांगितले होते, मॅनेजर तेवढा बदलेल, माणूस इथेच राहील. त्यांचा दोष नाही.

सभेत गलका झाला तो मी ऐकला. बसा मंडळी. मागून कोण म्हणाले, "मग आता कावून सांगतोस बे?" ठीक विचारले.

आता यासाठी सांगतो की मला साहेबांकडे एक गोष्ट मागायची आहे. सोयरिकीची गोष्ट आहे, वडीलधाऱ्यांनी बोलायची असते, चारचौघांत मी तिचे नाव काढणार नाही. पण "तू एकटा आपला" असे ज्यांनी म्हटले, त्यांच्याकडे खोटेपणा खिशात ठेवून जायचे, आणि त्यांनी हो म्हणायचे, हे मला जमणार नाही. डोळे मिटूनही जमणार नाही. साहेब नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. मी तापट आहे, पण त्या दिवशी तापणार नाही, हा शब्द सभेसमोर देतो.

कार्यक्रमपत्रिकेत साहेबांना हार घालण्याचा मान माझ्याकडे आहे. तो मी घेऊ नये. रामकिसन, खांबामागून ये. ये बे, लाजतोस कावून? केजचे चार गोल खाताना लाजला नाहीस. साहेब, हार याच्या हातून घ्यावा, आणि महिन्याभराचे राहिलेले रामराम एकदमच घ्यावेत.

वकीलसाहेबांनी घड्याळ खिशात घातले, त्यांचा मी आभारी आहे. क्लबच्या मंडळींचा, जागा देणाऱ्यांचा, आणि चिकेपलीकडून एकदाही न हसलेल्या सर्वांचा आभारी आहे. माझ्या बोलण्यात अधिकउणे झाले असेल तर सभेने मोठ्या मनाने विसरून जावे. साहेबांनी मात्र विसरू नये. येत्या जुम्म्याला मी वडिलांना घेऊन पाटोद्यास येणार आहे. दार उघडताना कोण आले आहे, हे त्यांना नीट ठाऊक असावे.

मी खाली बसतो.