वस्तादांचे डोळे

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. माळावरच्या दगडाला शेंदूर फासून आपण देव करतो, तेव्हा त्याला आधी काय बसवतो? नाक? कान? छे! चांदीचे डोळे! का हो? दगड काय बघणार आहे? पण डोळे बसले की आपल्याला वाटतं – हा मला बघतोय! आणि आपण मुकाट चपला काढतो.

माणसाच्या चित्राचंही तसंच. डोंगराचं चित्र आपण बघतो नि पुढे जातो. चेहऱ्यापुढे मात्र पाय थबकतो. ना ओळखीचा, ना पाळखीचा – तरी थबकतो! आपण त्याला बघायला थांबतो, की त्यानं आपल्याला बघावं म्हणून? प्रश्न पदराला बांधून ठेवा. खांबाला टेकलेल्या काकू, तुम्हीसुद्धा! घोरायला अजून वेळ आहे.

तर ऐका. पंचगंगेकाठी एक गाव. गावात तालीम, आणि तालमीत विठू वस्ताद. काय त्यांची नजर! शंभर जोर सांगितले आणि पोरानं दोन चोरले, तर पाठमोऱ्या वस्तादांना कळायचं. आता मात्र गुडघे गेले. तालमीची पायरी चढवेना. एकच घोर लागला – माझ्यामागं पोरांवर नजर कोण ठेवणार?

पठ्ठ्यांत थोरला सर्जेराव. तो म्हणाला, "वस्ताद, तुमचं मोठं रंगीत चित्र काढून तालमीत लावू."

"मेलोय व्हय रं मी? उद्या हार घालशील!"

"हार न्हाई, वस्ताद. नजर पायजे तुमची."

वस्ताद विरघळले. शब्द दिला – बसतो चित्राला! आणि ठरल्या सकाळी कोल्हापूरहून रंगांची पेटी घेऊन जो चित्रकार उतरला, तो कोण? सर्जेरावनं गुपचूप बोलावलेली त्यांचीच लेक! हौसा!

अहो, हौसेनं नाव ठेवलं हौसा. लहानपणी घराच्या पडवीच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढायची. काढताना जिभेचं टोक बाहेर! वस्ताद म्हणायचे, "जीभ आत घे गं, माशी बसंल!" पण तीच हौसा ऐन साखरपुड्याला म्हणाली – आबा, मला लग्न नको, चित्रं शिकायचीत. झालं! बापाला मुलीचं नाव चालतं, मुलीची हौस चालत नाही! वस्ताद गरजले, "आजपासनं तुझं तोंड बघणार न्हाई!" ती शिकली, नावारूपाला आली. पण शब्द म्हणजे शब्द. हटवादी माणसाला तेवढीच इस्टेट!

आता पेच बघा. चित्राला बसायचा शब्द दिलेला, आणि तोंड न बघायचाही दिलेला. वस्ताद घराच्या पडवीत बसले आणि मान वळवून आत देव्हाऱ्यातल्या मारुतीकडे बघत राहिले. हौसा एवढंच म्हणाली, "तुम्ही माझं तोंड बघू नका. मला तुमचं बघू द्या."

ती बघत होती. हे ऐकत होते. कुंचल्याची खसखस. मधेच ती थांबायची, श्वास रोखायची. अडली वाटतं कुठंतरी. वस्तादांच्या मनात यायचं – अजून जीभ बाहेर काढत असंल का ही? बघावं का? मान जरा हलायची... आणि पुन्हा मारुती!

चित्र झालं. पोरं गोळा झाली. कुस्तीत मोडलेला कान, कपाळावरची खोक, मिशीचा पीळ – हुबेहूब! सर्जेराव डावीकडं गेला, उजवीकडं गेला, डोकं खाजवायला लागला.

"वस्ताद, हे तुम्हीच हाय. पण आमच्याकडं बघतच न्हाई की!"

मागून एक म्हणाला, "बेस झालं! जोर चोरायला मोकळे!"

मंडळी, यात जादू नाही. चित्र सपाट असतं. बुबुळं समोर रोखलेली काढली, की तुम्ही डावीकडे जा, उजवीकडे जा – ती तुमच्याकडेच रोखलेली दिसतात. बाजूला वळलेली काढली, की बाजूलाच! घरी कॅलेंडरवरच्या देवापुढे चालून बघा. मात्र सासूबाई नसताना. नाहीतर विचारतील – हिला झालंय काय?

वस्ताद सर्जेरावला म्हणाले, "सांग तिला, डोळे फिरीव म्हणावं."

हौसा म्हणाली, "सांगा वस्तादांना, न बघितलेली नजर मला काढता येत नाही."

वस्ताद काय कमी? चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यावर, बरोबर तिच्या डोक्याशेजारी, एक खिळा होता. त्याच्यावर नजर लावली! हौसानं जसं दिसलं तसं काढलं. पोरं बघतात तर – वस्ताद खिळ्याकडे बघतायत! जसं काही खिळ्याशीच कुस्ती धरलीय!

सगळे हसले. सर्जेराव हसला नाही. खाली बसून त्यानं वस्तादांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वस्ताद, कुस्तीच्या मातीत, हौद्यात, पहिल्या दिवशी काय शिकवलंत? समोरच्याच्या हाताकडं बघू नगंस, डोळ्यांत बघ. डोळे चुकवले, त्यो हरला."

आपलाच डाव आपल्यावर! आणि मग ती पैलवानी मान... हळूहळू... वळली.

काय दिसलं? कानाजवळ एक पांढरा केस. नाकावर निळ्या रंगाचा ठिपका. भुवया आईच्या. आणि ओठांतून बाहेर आलेलं जिभेचं टोक!

वस्ताद म्हणाले, "जीभ आत घे गं. माशी बसंल."

हौसानं पटकन जीभ आत घेतली. पण खरी कलावंत! म्हणाली, "हलू नका, आबा. असंच बघत राहा." थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "डोळ्यांत पाणी आलंय. काढू का तसंच?"

"पाणी न्हाई त्ये. घाम हाय."

"बरं. घाम काढते."

चित्र तालमीत लागलं. कुठल्याही कोपऱ्यात जोर मारा, वस्तादांची नजर तुमच्यावर! जोर चोरणारं पोरगं म्हणालं, "रागानं न्हाई बघत ओ. कुणाची तरी वाट बघत्यात असं वाटतंय." आणि मंडळी, तेच पोरगं आता सगळ्यांच्या आधी येतं. कुणी वाट बघत असेल, तर उशीर करवतो का?

सोडा आता पदराची गाठ! हौसा एकटीच समोर होती. वस्तादांनी एकाच माणसाकडे मनापासून बघितलं – आणि ती नजर सगळ्या गावाला पुरली! चेहऱ्यापुढे आपण थांबतो ते या नजरेच्या भुकेनं.

मग तुम्ही कुणाचं तोंड बघायचं टाकलंय? भावाचं? सुनेचं? इथंच बसलाय का तो, खांबाआड? त्याच्या फोटोला हार घालायची पाळी आली, की टक लावून बघणारच आहात ना? मग आज बघा! फोटो पापणी हलवत नाही. माणूस हलवतो!

आता डोळे मिटून एकदा त्या विटेवरच्याचं नाव घ्या. आणि उघडाल, तेव्हा आधी माझ्याकडे नको – शेजारी बघा. बोला, पांडुरंग हरी!