पिवळी होडी

सोमवारचं पाणी शंकराला घालून मी बोईसरला बसची वाट पाहत होते. शेजारी दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या.

"वयनी, मागल्या आठवड्यात रेडिओवर नाटक लागलं, त्यातली बाई तूच हायस!"

"हळू बोल गं, पारू. ती नाटक लिवणारी बाई आपल्या बोंबलांच्या काठ्यांजवळ येऊन बसायची. इचारलं, बोंबील सुकत घालताना मनात काय येतं?"

"आणि तू सांगितलंस? घरात कधी बोलली नायस!"

"परकी होती, म्हणून सांगितलं. संध्याकाळी सगळ्याच होड्या निळ्या दिसतात. आपली कुठली ते जवळ येईस्तोवर कळत नाय, तोवर जीव थाऱ्यावर नसतो."

"दादानं ऐकलं?"

"घरात सगळ्यांनी ऐकलं. सकाळी बघते, तर हे होडीला पिवळा रंग फासतायत!"

"मग काल लांबून वळखलीस?"

"मी कुठली! माझ्याआधी सासूच उठली. चाळीस वर्षं किनाऱ्यावर गप वाट बघत बसलेली म्हातारी, वाळूत नाचत वरडली, 'आली गं, आपली आली!'"