मिस्त्रीचा बोर, आप्पांचा बोर

आता हसू नका, पण त्या दिवशी माझी खरंच पाचावर धारण बसली होती. वरवंडच्या आमच्या आप्पांना नातीची पाठवणी आपल्या जुन्या अँबॅसिडरमधूनच करायची होती आणि लग्न आठवड्यावर आलेलं. "रिंगा, बेअरिंगं बदला, हाफ इंजिन करा. जास्त उघडू नका," एवढं बजावून ते केंदूरला पत्रिका वाटायला गेले.

अंगणात केडगावच्या मिस्त्रीनं गाडी चालू केली. पांढऱ्या धुराचा लोट उठला.

"इंजिनाला बोर मारावा लागंल, सिलिंडर घासून मोठं करायला धा दिस जातील. मंग लग्नाचं इसरा. आप्पांना तुम्हीच सांगा."

मी भीतभीत फोन लावला. "आप्पा, मिस्त्री म्हणतोय बोर मारावा लागंल." इंजिनाचं नाव घ्यायचं राहून गेलं, असं मी आजही सांगतो.

दोन तासांत आप्पा जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्यालाच घेऊन हजर! मी मिस्त्रीच्या आड सरकलो. पाणाड्या तळहातावर आडवा नारळ धरून अंगणभर फिरला. बॉनेटपाशी नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं पाणी हाय."

"मामा, ते इंजिन हाय!" मिस्त्री ओरडला. तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून त्यानं ऑइलची पट्टी ओढली. पट्टीवर दुधाच्या चहासारखं ऑइल!

"आयला, गॅस्केट फुटून पाणी आत शिरलंय. धूर न्हाई, वाफ हाय ही! बोर नको, परवा गाडी तयार."

आप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाणाड्या मात्र गंभीरच.

"जरा चाखून बघा," तो मिस्त्रीला म्हणाला, "गोडं हाय का खारं?"